एक काना

फेब्रुवारीत नंदुरबारच्या पथारीवर
जमीन दिसत नाही.
मिरची, मिरची, आणि तिच्यात उकिडव्या बसलेल्या बाया,
नाकाला पदर. देठ खुडून आग झालेली बोटं
रात्री ताकात बुडवली तरी झोपू देत नाहीत.

त्या लालात
योजनाला पहिला ठिपका
मिरचीचाच वाटला.

(हो, नावच योजना. शिबिरात साहेब विचारतात,
कोणती योजना?
ती खालमानेनं म्हणते, हिलालची.)

अकरावा आठवडा.
दुपारी कंबर भरून आली, तिला वाटलं बसून बसून.
ओटीपोटात पाळीसारखी कळ,
तिला वाटलं भाकर शिळी होती.
रात्री घडी बदलली, पुन्हा बदलली,
तिला वाटलं सासूला कशाला उठवायचं.
वाटता वाटता उजाडलं.

मी आशा. बारा वर्षं याच गल्ल्यांतून वही घेऊन फिरते.
पहिल्या भेटीत तिला सगळं सांगितलं होतं,
गोळ्या कधी, इंजेक्शन कधी, खातं कुठल्या बँकेत.
हे नव्हतं सांगितलं.
पोटुशीपुढे अशुभ बोलू नये म्हणतात,
आणि मीही त्या म्हणणाऱ्यांतलीच निघाले.

सिव्हिलात मॅडमनी पडदा हळूच स्वतःकडे वळवला.
ठोका नव्हता.

केसपेपरवर शब्द पडला: गर्भपात.
योजनानं तो आठवीपर्यंतच्या शाळेनं लावून लावून वाचला
आणि सलाइनसकट उठून बसली.
"ताई, मी पाडं नही. पडनं."

पडलं. पाडलं.
मध्ये एक काना.
त्या काठीएवढ्या रेघेवर
बाई गावात ताठ चालते, नाहीतर
हापशावर गेली की भांडी वाजायची थांबतात.

सासू म्हणाली, पपई खाल्ली असेल.
जाऊ म्हणाली, ग्रहणात सुई धरली होती, मी पाहिलं.
मुकादम काहीच म्हणाला नाही, हजेरी कापली.
हिलाल दोन दिवस मोटारसायकल धूत बसला,
आधीच धुतलेली.

तिसऱ्या दिवशी तिनंच विचारलं,
"तिखटाचा ठसका लागना, त्यानी सुटनं का?"
नाही गं.
मिरचीची फुलगळ पाहिलीस ना,
सगळ्या फुलांची मिरची होत नाही.
मॅडम सांगतात, पुष्कळदा बीजातच जुळणी चुकलेली असते.
कोणी खुडलं नाही. देठच धरला नव्हता.
तिनं मान हलवली.
पटलं म्हणून, की मी गप्प व्हावं म्हणून,
अजून कळलेलं नाही.

आता मी बोलते. पहिल्याच भेटीत, चहा यायच्या आत.
ठिपका दिसला की ये.
दिसला म्हणजे गेलंच असं नाही,
कित्येकींचं टिकतं, नऊ महिने भरतात, पण ये.
एकाच बाजूला जीवघेणी कळ, खांद्यात दुखणं,
डोळ्यांपुढे अंधारी, तर मला शोधत बसू नको,
आधी एकशे आठला फोन, मग मला.
अंगात ताप, वास मारणारं पाणी, तासाला भिजणारी घडी,
पुढच्या महिन्यांत पोटातलं हलणं मंदावलं,
सासू झोपली असेल तर उठव.
झोप काय, रोज येते.
सासवा माझ्याकडे बघतात. बघू देत.

यंदा योजना पथारीवर परत आली.
कडेला एक नवी सून, कोपर्लीकडची, ओकाऱ्या दाबत बसलेली.
योजनानं तिला काय सांगितलं ते मी ऐकलं नाही.
दुसऱ्या दिवशी फक्त एवढं दिसलं,
त्या पोरीच्या लाल लुगड्याखालून
फिक्या, दुधी रंगाच्या परकराची कड.

आठवड्यानं तशा चार.
मुकादम म्हणाला, मळतील की.
योजना देठ खुडत म्हणाली,
"मयू दे. दिसाले पाहिजे."